दाब बरोबर होता

गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध शून्य. त्यांचे कान होते ते इंजिनासाठी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात सांगायचं, ‘पुढची बेअरिंग गेली’ किंवा ‘काही झालेलं नाही, उगाच घाबरताय.’ चाळीस वर्षं त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले, की गाडी त्यांच्याकडे यायची.

आणि आता सहा महिने झाले, ते गॅरेजमध्ये उतरलेच नव्हते. घर वर, गॅरेज खाली, मध्ये सतरा पायऱ्या. तरी बाहेर जायचं तर ते मागच्या जिन्याने जायचे. विचारलं तर म्हणायचे, “कंबर धरलीय.” कमरेला काहीही झालेलं नव्हतं. बायकोला ते कळत होतं, पण ती बोलली नाही. तिने फक्त टीव्हीचा आवाज दोन आकड्यांनी वाढवून ठेवला होता आणि त्यांच्याशी बोलताना ती आता स्वयंपाकघरातून ओरडायची नाही, समोर येऊन उभी राहायची.

गॅरेज त्यांची मुलगी चालवत होती. एकतीस वर्षांची, बापासारखीच हट्टी, हाताने सफाईदार. वर्षभरापूर्वी तिने गाड्यांतले बिघाड वाचणारं एक मशीन घेतलं होतं. गाडीला जोडलं की पडद्यावर आकडे झरझर उमटायचे. ते मशीन आलं आणि काही महिन्यांनी कानसेनांनी खाली येणं बंद केलं. मुलीने दोनात दोन मिळवले आणि उत्तर पाच काढलं : अप्पा मशीनवर रुसले. ती विचारायला गेली नाही, ते सांगायला आले नाहीत. एका ताटात जेवणारी माणसं, पण ताकास तूर लागू देत नव्हती.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती वर आली. हाताला तेल, कपाळाला तेल. दारातूनच, हात पुसता पुसता, खाली बघत म्हणाली, “अप्पा, एका नर्सबाईंचा सेन्सर गेलाय म्हणतात. मला काही पटत नाही.”

कानसेनांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. चेहरा पडला. “अरेरे. कॅन्सर? वय काय त्यांचं?”

“आं?”

“म्हणजे तू काय डॉक्टर आहेस का, तुला पटत नाही म्हणायला? अशा वेळी माणसाला धीर द्यायचा असतो.”

मुलगी हसत सुटली. “सेन्सर, अप्पा! गाडीचा! गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब सांगतो तो!”

“मग असं तोंडातल्या तोंडात का पुटपुटतेस?” ते उखडले.

तिचं हसू हळूहळू थांबलं. आपण पुटपुटलो नव्हतो, हे तिला माहीत होतं. पण ती एवढंच म्हणाली, “खाली येता का? कंबर फारच दुखत असेल तर राहू दे.”

आता नाही म्हणायचं तर पुन्हा कमरेचंच नाव घ्यायचं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते उठले आणि सहा महिन्यांनी पुढच्या जिन्याने खाली उतरले.

खाली एक पांढरी छोटी गाडी उभी होती. शेजारी स्टुलावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. डावा पाय पुढे लांब केलेला, गुडघ्याखाली धातूचा आधार. मांडीवर फुगलेली पिशवी, तिच्यातून बँडेजचे गुंडाळे डोकावत होते. त्या घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायच्या.

कानसेन समोर येताच त्या स्टुलावरून किंचित वळल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, न ओरडता, एकेक शब्द सुटा बोलू लागल्या. “काका, माझी कहाणी छोटी आहे. माझा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. म्हणून ही आपोआप गिअर बदलणारी गाडी. हिच्यावर माझी एकतीस घरं चालतात. महिनाभर ही मधेच हट्टाला पेटते. एका गिअरमध्ये अडकते आणि चढावर मला मागचे लोक शिव्या देतात.”

“कधी अडकते? निघतानाच?”

“छे! निघताना शहाण्या मुलीसारखी. पंधरा-वीस मिनिटांनी अंगात येतं. बंद करून जरा थांबलं की परत गुणी.”

कानसेनांना एकदम जाणवलं, की या बाईंचं सगळं बोलणं त्यांना नीट समजलं होतं. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी बोलणं अंदाज न बांधता समजलं होतं.

मुलीने पुढची हकीकत सांगितली. दुसऱ्या एका गॅरेजने मशीन लावलं, तेलाच्या दाबाच्या सेन्सरचा बिघाड दिसला, त्यांनी सेन्सर बदलला. आठ दिवसांनी तोच बिघाड परत. मग ते म्हणाले, म्हणजे दाबच कमी आहे, आख्खा गिअरबॉक्स बदला. नवा यायला दोन महिने लागतील.

“दोन महिने माझी माणसं काय करतील?” नर्सबाई म्हणाल्या. “सोमवारपासून मी दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरतेय. एकतीस घरांतली अकरा जेमतेम झाली.”

“तेल बघितलंस?” कानसेनांनी मुलीला विचारलं.

“बघितलं. पातळी बरोबर, रंग गुलाबी, जळका वास नाही.”

त्यांनी स्वतः तेल मोजायची दांडी काढली, तेल बोटांवर चोळलं, नाकाशी नेलं. कचकच नाही, धातूचा चुरा नाही. “गिअरबॉक्स मरायला टेकलाय आणि तेल असं स्वच्छ? मरणाऱ्या माणसाचं रक्त असं नसतं. खरा दाब मोजलास का?”

“कशाने मोजू? तुमचं काट्याचं गेज तुमच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली तुमच्या खिशात.”

सहा महिने किल्ली खिशात होती, हे खरंच होतं. त्यांनी कपाट उघडलं, फडक्यात गुंडाळलेलं गोल गेज काढलं आणि त्याची जाड नळी मुलीच्या हातात दिली. गाडी लिफ्टवर वर गेली. दाब तपासायला गिअरबॉक्सला एक छोटं भोक असतं, त्याला बूच असतं. मुलीने बूच काढून नळी जोडली. काटेवालं गेज एका खांबाला टांगलं, त्याच्या शेजारी मशीनचा पडदा ठेवला. म्हणजे आता एकाच दाबाचे दोन साक्षीदार समोरासमोर होते. काट्याला दाब थेट तेलाकडून कळत होता, पडद्याला सेन्सरमार्फत.

इंजिन चालू केलं. काटा आणि आकडा दोन्ही एकमेकांशी जुळले.

“आत्ता जुळणारच,” कानसेन म्हणाले. “गाडी गार आहे. तापू दे.”

आता वाट बघणं आलं. मुलगी गाडीच्या पलीकडून पडदा बघत उभी राहिली. कानसेन स्टुलाजवळ आले. सवयीने त्यांचा हात टेबलावरच्या लांब स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि तिथेच थबकला. त्यांनी तो उचलला नाही.

नर्सबाई बघत होत्या. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, जणू खोकला आला, आणि मग रुमाल खाली घेऊन म्हणाल्या, “काका, आत्ता मी काय विचारलं?”

“कुठे काय विचारलंत? खोकलात.”

“खोकले नाही. तुमचं वय विचारलं. मोठ्यांदा विचारलं. तुमच्या मुलीने तिकडून ऐकलं, बघा ती इकडे बघतेय.”

कानसेनांनी वळून पाहिलं. मुलगी खरोखरच बघत होती.

“माझ्या एकतीसातल्या नऊ जणांना ऐकू कमी येतं,” नर्सबाई म्हणाल्या. “सगळे आधी कानावर हात ठेवतात. मला? छे, मला काही नाही! लोकच हल्ली हळू बोलतात. मी तुम्हाला ओरडून बोलले नाही, तरी तुम्हाला समजलं, कारण तुम्ही माझे ओठ बघत होतात. किती दिवस झाले?”

दुसरं कुणी असतं तर कानसेनांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण बाईंच्या आवाजात कीव नव्हती. ताप किती आहे, असं विचारावं तसा प्रश्न होता. आणि मुलगी आता जवळ येऊन उभी होती.

“वर्ष होईल,” ते म्हणाले. “जाडे आवाज येतात. बारीक येत नाहीत. शीळ, टिकटिक, बायकांचं बोलणं.” मग मुलीकडे बघून, घसा साफ करून, “ती लाल टॅक्सी आठवते तुला?”

“चढावर बंद पडलेली?”

“तो आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. म्हणाला, बारीक शीळ वाजते. मी स्क्रूड्रायव्हर लावला. मला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काही झालेलं नाही, मी सांगतो ना! दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स जाम. मागे दोन म्हातारी माणसं बसली होती. नशीब, कुणाला लागलं नाही. तो टॅक्सीवाला मला एका शब्दाने बोलला नाही गं. दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शीळ वाजत होती, त्याला ऐकू येत होती, आणि कानसेनाला येत नव्हती. मग कुठल्या तोंडाने खाली उतरू?”

“मला वाटलं, मी मशीन घेतलं म्हणून तुम्ही रुसलात.”

“मशीनवर? मशीनवर कोण रुसतं?”

“तुम्ही! पहिल्या दिवशी काय म्हणालात आठवतं? ‘आता बापाची गरज नाही.’”

“ते मी चेष्टेने म्हटलं होतं.”

“तुमची चेष्टा कळायला वेगळं मशीन लागतं, अप्पा.” तिने तेलकट हाताच्या पाठीने डोळे पुसले, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. “मी सहा महिने एकटी इथे... रोज वाटायचं, वर जाऊन पाय धरावेत आणि म्हणावं, मशीन विकून टाकते.”

कानसेन तिच्या गालावरचा पट्टा फडक्याने पुसायला गेले. फडकं तिच्या हातांपेक्षा तेलकट होतं. पट्टा दुप्पट झाला.

“अहो, ते भांडण जरा थांबवा,” नर्सबाई म्हणाल्या. “आकडा नाचतोय.”

तिघांनी एकदम पडद्याकडे पाहिलं. आकडा धाडकन शून्यावर आला, परत वर गेला, पुन्हा शून्य. आणि शेजारी खांबाला टांगलेल्या गेजचा काटा? जागचा हललासुद्धा नव्हता.

“दाब बरोबर आहे!” मुलगी ओरडली. “अप्पा, दाब बरोबर आहे! गिअरबॉक्सला काही झालेलं नाही!”

“म्हणजे तुझं मशीन खोटं बोलतंय.”

“मशीन नाही. त्याला जे कळवलं जातं, तेच ते सांगतं. सेन्सर तर नवा आहे. म्हणजे निरोप वाटेत बिघडतोय.”

कानसेनांनी मान हलवली. पोरगी बरोबर बोलत होती, आणि ते बरोबर बोलणं आपण शिकवलेलं नाही, हेही त्यांना दिसत होतं.

“मग तारा बघ.”

“सकाळीच बघितल्या. सेन्सरपासून तीन तारा निघतात. एक वीज नेते, एक निरोप आणते, तिसरी अर्थिंगची. मीटर लावलं. तिन्ही धडधाकट दाखवतं.”

“मीटर फार सज्जन असतं. तारेत एक तंतू शाबूत असला, तरी ते म्हणतं, सगळं छान. तारेला जरा ओझं उचलायला लाव, मग कळेल. दोन्ही टोकांचे प्लग काढ आणि प्रत्येक तारेतून बॅटरीची वीज घेऊन बल्ब पेटव. साधा, इंडिकेटरचा.”

मुलीने तसं केलं. निरोपाच्या तारेवर बल्ब लख्ख पेटला. अर्थिंगच्या तारेवरही. वीज नेणाऱ्या तारेवर मात्र तो आजारी माणसाने डोळा किलकिला करावा तसा तांबूस लुकलुकला.

“सापडली!” नर्सबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

“चोर कोण ते कळलं, चोर कुठे आहे ते नाही,” कानसेन म्हणाले. “तार सव्वा हात लांब आहे. वरून सगळी सारखीच दिसते.”

ते गाडीखाली आले. सहा महिन्यांनी गाडीच्या पोटाकडे वर बघताना त्यांची मान अवघडली, पण ते कुणाला दाखवायचं नव्हतं. वरची चिकटपट्टी त्यांनी हळूच सोडवली, ती तार वेगळी केली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत इंच इंच धरून अलगद ताणत निघाले. तांब्याची तार ताणली जात नाही. पण आतलं तांबं तुटलं असेल, तर वरचं प्लास्टिक रबरासारखं लांबतं. डोळ्यांना ते दिसत नाही. कानांना तर मुळीच नाही. बोटांना मात्र कळतं.

पहिली वीत घट्ट. दुसरी घट्ट. मग गिअरबॉक्सच्या मागच्या लोखंडी पट्टीजवळ बोटांखाली तार किंचित, अगदी किंचित, लांबली.

“इथे,” ते म्हणाले. “ये, तुझी बोटं लाव.”

मुलीने चिमटीत धरून ताणलं. तिचे डोळे मोठे झाले. “रबर!”

“वरून शहाणी, आतून तुटलेली. काप.”

कापल्यावर आतून हिरवट पूड गळली. एकवीस तंतूंपैकी दोन उरले होते. गाडी तापली की ते दोनही सुटायचे आणि गार झाली की परत टेकायचे. तारांना पट्टीपासून लांब धरून ठेवणारी क्लिप तिथे नव्हतीच. कधीतरी कुणीतरी गाडीखाली काम करताना ती काढली होती आणि परत लावायचा कंटाळा केला होता. तेव्हापासून धावत्या गाडीत त्या तारा पट्टीवर वर्षानुवर्षं घासत होत्या.

“आणि त्यांनी सेन्सर बदलला,” मुलगी म्हणाली.

“आजार रेड्याला आणि औषध पखालीला,” कानसेन म्हणाले. “आणखी चार दिवसांनी तो बिचारा गिअरबॉक्सही बळी गेला असता.”

पुढचं काम मुलीचं. कानसेनांनी फक्त दिवा धरला. तिने दोन्ही बाजूंनी चांगलं तांबं लागेपर्यंत तार मागे कापली, मधे नवा तुकडा घातला, दोन्ही जोड डाख देऊन पक्के केले, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. मग तारांची वाटच बदलली. पट्टीपासून चार बोटं लांबून नेल्या आणि नव्या दोन क्लिपांनी बांधल्या. गेजची नळी काढून बूच लावलं, तेलाची पातळी परत पाहिली, मशीनवरून जुना बिघाड पुसला. तिचे हात बघताना कानसेनांच्या मनात आलं, की क्लिप एकच पुरली असती. आपण एकच लावली असती. हिने दोन लावल्या.

“आता पळवून बघायची,” ती म्हणाली. “वीस मिनिटं नाही, तासभर. चढावर.”

नर्सबाईच चालवायला बसल्या. कानसेन शेजारी, मुलगी मागे, मांडीवर मशीन. बाजारातून, सिग्नलच्या रांगेतून, पाण्याच्या टाकीमागच्या त्या उभ्या चढावर गाडी दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आली. गिअर बदलत होते, पण पोटातलं पाणी हलत नव्हतं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. मागून मुलगी दर पाच मिनिटांनी आकडा सांगायची. आधी ती सवयीप्रमाणे पडद्याकडे बघत बोलली. मग तिने पुढे वाकून, अप्पांच्या खांद्याला हात लावून, त्यांनी वळून पाहिल्यावर सांगायला सुरुवात केली.

चढाच्या टोकाला नर्सबाईंनी गाडी एका घरापुढे उभी केली. “रागावू नका. इथे माझ्या एक आजी आहेत, सोमवारपासून त्यांची पट्टी बदललेली नाही. इंजिन चालूच ठेवते. दहा मिनिटं.” पिशवी घेऊन, पाय टाकत त्या आत गेल्या.

गाडीत बापलेक उरले.

“उद्या एक मालवाहू व्हॅन येणारेय,” मुलगी म्हणाली. “दुसरा गिअर टाकताना दणका बसतो. दोन गॅरेजं फिरून झालीत.”

“मला आवाज ऐकू येणार नाही.”

“आवाज मी ऐकेन. कसला असतो ते तुम्ही मला शिकवा. इतकी वर्षं डोळे मिटून काय ऐकत होतात, ते एकदाही सांगितलं नाहीत. नुसता निकाल सांगायचा.”

कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनाही कुणी विचारू नये असंच वाटत होतं. हातचं गुपित होतं ते. “शीळ कशी ओळखायची ते सांगता येईल,” ते सावकाश म्हणाले. “शीळ वेग वाढला की चढते. पंपाची असेल तर गाडी उभी असतानाही चढते.”

“थांबा, थांबा. लिहून घेते.” तिने खिशातून पेन्सिल काढली, कागद सापडेना, म्हणून क्लिपांच्या रिकाम्या पाकिटावर लिहायला लागली. “पंपाची असेल तर... पुढे?”

ते सांगत गेले. बेअरिंगची घरघर, पट्ट्याची किंचाळी, सैल पत्र्याची खोटी खडखड, जिच्या नादी लागून लोक आख्खं इंजिन उतरवतात. पाकीट भरलं, तशी ती हाताच्या तळव्यावर लिहू लागली. मधेच थांबून तिने विचारलं, “कानाच्या डॉक्टरांकडे येता ना माझ्याबरोबर?”

“तुझ्या आईलाही ने. तिलाच सगळ्यात आधी कळलं असणार. टीव्हीचा आवाज हल्ली आपोआप वाढतो.”

नर्सबाई बाहेर आल्या. दहाची पंचवीस मिनिटं झाली होती. इंजिन तापून तापून गरम, पंखा जोरात चालू. त्यांनी दार उघडून आधी मागे पाहिलं.

मुलीने पडदा त्यांच्याकडे वळवला. आकडा जागच्या जागी होता.

“इथून दोन गल्ल्यांवर माझे एक मास्तर आहेत,” नर्सबाई पट्टा लावत म्हणाल्या. “त्यांना इंजेक्शन द्यायचंय. तेवढं एक घर घेऊ का?”

“चढ आहे का तिकडे?” मुलीने विचारलं.

“भरपूर.”

“मग दोन घरं घ्या.”

बाईंनी गिअरचा दांडा ओढला. गाडी वळणावरून वर निघाली आणि कानसेन मागे वळून, सैल पत्र्याबद्दल राहिलेलं सांगू लागले.